वाफ घेतल्यावर दम उलट वाढतो? आधी बाटलीचं लेबल वाचा

आमच्या आईला दमा आहे, झाली आता सोळा वर्षं. गिरगावात चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, खाली रस्त्याचं खोदकाम सुरूच आहे आणि समोरच्या गॅलरीत कबुतरांची वस्ती, म्हणजे दमा वाढायला जे जे लागतं ते सगळं हाताशी. त्यामुळे नेब्युलायझरचं, म्हणजे औषधाचं धुकं करून मास्कमधून देणारं मशीन आमच्याकडे मिक्सरइतकंच घरचं झालंय.

दोन पावसाळ्यांपूर्वी झालं काय, की नेहमीच्या त्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या, रेस्प्यूल म्हणतात त्या, संपल्या आणि केमिस्टकडे नव्हत्या. त्याने ड्रॉपरवाली १५ मिलीची बाटली दिली, म्हणाला औषध तेच आहे, फक्त पॅकिंग वेगळं, थेंब मोजायचे आणि सलाईन घालायचं. घेऊन आले. त्यानंतर आठ-दहा दिवस रोज तेच, मास्क लावला की तीन-चार मिनिटांत आईला कोरडा खोकला, छाती आवळल्यासारखी, मास्क ढकलून द्यायची. आम्ही म्हणायचो आई नाटकं करू नको, पूर्ण घे. शेजारच्या काकू म्हणाल्या डोस कमी पडतोय गं, अजून पाच थेंब घाल. आणि मी घातले! आज आठवलं तरी स्वतःचाच राग येतो.

शेवटी छातीच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी पिशवीतली सगळी औषधं टेबलावर ओतायला लावली, ती बाटली उचलली, उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, यात प्रिझर्वेटिव्ह आहे, त्याने होत असेल, खात्री नाही पण शंका घेण्यासारखं आहे, औषध तेच ठेवू पण बिनप्रिझर्वेटिव्हचं. बदललं. मास्क लावल्याबरोबर येणारा तो खोकला थांबला. दमा होता तसाच आहे, पण निदान औषधच छातीवर बसत नाही.

हे सगळं लिहायचं कारण एवढंच, की ही गोष्ट फार कमी घरांत माहीत असते, आणि मी तेव्हा काय करायला हवं होतं ते आता सांगू शकते. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांना विचारून विचारून आणि वाचून जे कळलं तेच लिहितेय.

मुळात प्रिझर्वेटिव्ह घालतात कशाला

बाटली एकदा उघडली की ती महिनाभर वापरायची, ड्रॉपर रोज आत-बाहेर, कधी बोट लागतं, कधी कपाला टेकतो, आणि मुंबईची हवा जुलैमध्ये कशी असते सांगायला नको, पापड दोन तासांत मऊ पडतो. अशा बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून त्यात जंतुनाशक घालतात, बहुतेक वेळा बेन्झाल्कोनियम क्लोराईड, लेबलवर कधी संक्षेपात बीकेसी किंवा बीएसी. हेच रसायन डोळ्यांच्या आणि नाकाच्या कित्येक थेंबांत असतं, आणि फरशी पुसायच्या बऱ्याच लिक्विडांतही असतं. डोळ्यात एक थेंब वेगळा, आणि त्याचं बारीक धुकं करून थेट दम्याच्या हुळहुळ्या श्वासनळीत सोडणं वेगळं. दमा असलेल्या काही लोकांच्या श्वासनळ्या त्याने आकुंचन पावतात, म्हणजे ज्या कामासाठी वाफ घेतली त्याच्या नेमकं उलट. डॉक्टर याला पॅराडॉक्सिकल ब्रॉन्कोस्पाझम म्हणतात.

दुसरं नाव ईडीटीए, लेबलवर डायसोडियम एडिटेट. हे औषध टिकून राहावं म्हणून असतं, याचा त्रास मात्रा जास्त झाली तर. तिसरे सल्फाइट, म्हणजे सोडियम मेटाबायसल्फाइट वगैरे. ते जुन्या काही नेब्युलायझर औषधांत असायचे कारण ती औषधं हवेने गुलाबी पडायची. साल्ब्युटामॉल, म्हणजे श्वासनळी झटकन उघडणारं औषध, त्या जातीचं नाही, त्याला सल्फाइट लागत नाही, त्यामुळे आपल्याकडे नेहमीच्या वाफेच्या औषधात पहिला संशय बेन्झाल्कोनियमवर घ्यायचा.

ही काही आजची बातमी नाही बरं का. १९८७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बीझली, रॅफर्टी आणि होलगेट या डॉक्टरांनी छापलं होतं की इप्राट्रोपियम या श्वासनळी उघडणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या वाफेने दम्याच्या काही पेशंटच्या नळ्या आवळतात त्यामागे त्यातले प्रिझर्वेटिव्ह आहेत. इप्राट्रोपियममध्ये हे आधी लक्षात यायचं एक कारण सोपं आहे, ते औषध हळू चढतं, म्हणून प्रिझर्वेटिव्हचा धक्का उघडा पडतो. साल्ब्युटामॉल झटक्यात नळी उघडतं, त्यामुळे एक हात नळी उघडतोय आणि दुसरा आवळतोय असं चालतं आणि आपल्याला बाहेरून फक्त एवढंच दिसतं की औषध म्हणावं तसं लागू पडत नाही. मग आपण काय करतो? अजून पाच थेंब.

त्या पाच थेंबांचा हिशोब मी नंतर करून बघितला. समजा बाटलीत बेन्झाल्कोनियम ०.०१ टक्के आहे, म्हणजे एका मिलीत १०० मायक्रोग्रॅम. साल्ब्युटामॉलची बाटली असते ५ मिलिग्रॅम प्रति मिली, नेहमीचा डोस २.५ मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा मिली, त्यात बेन्झाल्कोनियम ५० मायक्रोग्रॅम. एका डोसला बहुतेकांना काही होत नाही. पण अटॅक आल्यावर दर वीस मिनिटांनी वाफ, किंवा सलग वाफ लावली, तासाला ४ मिली औषध गेलं, की झाले ४०० मायक्रोग्रॅम. म्हणजे माणूस जितका जास्त आजारी तितकं त्याच्या छातीत प्रिझर्वेटिव्ह जास्त. म्हणून सलग वाफ द्यायची असेल तर बिनप्रिझर्वेटिव्हचंच औषध वापरावं असं दम्याचे जाणकार सांगतात.

अमेरिकेत तर २००० साली नियमच केला, २००२ च्या मे महिन्यापासून लागू झाला, की तोंडाने ओढायची पाण्यातली औषधं निर्जंतुकच हवीत. आणि एकदाच वापरून फेकायची निर्जंतुक कुपी असली की प्रिझर्वेटिव्हची गरजच उरत नाही. रेस्प्यूल चांगली ती यासाठी.

ओळखायचं कसं

वेळ बघा. सगळी मेख वेळेत आहे. मशीन सुरू केल्यापासून काही मिनिटांतच खोकला, छातीत घट्टपणा, श्वासातली शिट्टी वाढली, आणि मशीन बंद केल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने किंवा थोड्या अजून वेळाने ओसरलं, आणि असं दर वेळी त्याच बाटलीने होतंय, तर शंका घ्या. नुसती छाती धडधडते, हात थरथरतात, एवढंच असेल तर तो साल्ब्युटामॉलचा नेहमीचा गुण आहे, त्यात प्रिझर्वेटिव्हचा काही हात नाही.

पीक फ्लो मीटर घरात नसेल तर आणा, किती जोरात श्वास बाहेर फुंकता येतो ते मोजणारी प्लास्टिकची नळी असते, फार महाग नाही, आणि दम्याच्या घरात ताप मोजायच्या थर्मामीटरइतकीच गरजेची आहे असं माझं मत. वाफेआधी उभं राहून तीन फुंकरा, सर्वात मोठा आकडा लिहायचा. वाफ झाल्यावर पाच मिनिटांनी, मग पंधरा, मग तीस मिनिटांनी परत तसंच. आकडा वर जायला हवा. आईचा एका सकाळी २४० होता आणि वाफेनंतर १९०, म्हणजे वीस टक्क्यांनी खाली. असा आकडा घेऊन डॉक्टरांकडे गेलं की बोलणं दोन मिनिटांत संपतं, नाहीतर "तिला त्रास होतो हो" एवढ्यावर बिचारे तरी काय करणार.

पण एक, आकडे मोजायला म्हणून मुद्दाम ती बाटली परत लावू नका. शंका आली की बंद. पडताळा घ्यायचा असेल तर तो डॉक्टर त्यांच्यासमोर घेतील. घरात प्रयोग नकोत.

वाफ घेताना त्रास सुरू झालाच तर

मास्क काढा, माणसाला सरळ बसवा, खिडकी उघडा (खाली खोदकाम नसेल तर). घरात पंप (इन्हेलर) आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, असेल तर डॉक्टरांनी अटॅकसाठी सांगून ठेवलेले पफ स्पेसरमधून द्या, पंपात हे बेन्झाल्कोनियम सहसा नसतं. बिनप्रिझर्वेटिव्हची रेस्प्यूल असेल तर ती लावता येते. आणि दुसरं काहीच हाताशी नसेल तर वाट बघत बसू नका, निघा.

वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर, मान-बरगड्यांचे स्नायू ओढले जातायत, माणूस गुंगीत जातोय, किंवा पीक फ्लो त्या माणसाच्या सर्वात चांगल्या आकड्याच्या निम्म्याखाली, यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन किंवा सरळ जवळच्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये ठरावीकच डॉक्टर हवेत म्हणून दादरहून अंधेरी गाठायला जाऊ नका. आणि बाटली बरोबर घ्या! आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा बाटली घरी, आणि तिथल्या डॉक्टरने विचारलं कुठलं औषध, तर मी म्हटलं "ते वाफेचं".

ऑक्सिजन, इंजेक्शन, जे ते देतील ते घेऊ द्या. काही अॅड्रेनालिनच्या इंजेक्शनात सल्फाइट असतो असं वाचून कुणी जीवघेण्या अॅलर्जीत ते इंजेक्शन नाकारायला जाईल, तसं अजिबात करू नका, तिथे ते औषध जीव वाचवतं आणि सल्फाइटची चिंता मागे पडते. फक्त सल्फाइटने त्रास होतो हे माहीत असेल तर सांगून ठेवा.

आणि कृपा करून हे वाचून घाबरून मशीन कपाटात टाकू नका. दम्यात वाफेशिवाय राहणं हे प्रिझर्वेटिव्हपेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं. औषध बंद करायचं नाहीये, बाटली बदलायचीय.

केमिस्टकडे आणि डॉक्टरांकडे काय बोलायचं

डॉक्टरांना म्हणा की प्रिस्क्रिप्शनवर "रेस्प्यूल" आणि "प्रिझर्वेटिव्ह-फ्री" हे दोन्ही शब्द लिहा. नुसतं औषधाचं नाव आणि "नेब" लिहिलं की केमिस्ट हातात येईल ते देतो, त्याचाही सगळा दोष नाही, बाटली प्रत्येक डोसमागे स्वस्त पडते आणि बऱ्याच लोकांना तीच हवी असते. काउंटरवरच उभं राहून लेबल वाचा. अक्षर मुंगीएवढं असतं, मोबाईलच्या कॅमेऱ्याने फोटो काढून मोठं करा. "प्रिझर्वेटिव्ह" हा शब्द शोधा, मग बेन्झाल्कोनियम, क्लोरोब्युटॅनॉल, एडिटेट, सल्फाइट यांपैकी काही दिसतं का बघा. मागे रांग असली तरी वाचा, लोक चिडतात, चिडू द्या. आमच्याकडे मिळाल्या नाहीत तेव्हा भाऊ ऑफिसातून येताना प्रिन्सेस स्ट्रीटच्या होलसेलवाल्यांकडून घेऊन आला, तिथे पाच दुकानं फिरलं की मिळतंच.

रेस्प्यूल आहे म्हणजे आत काहीच नाही असंही धरून चालू नका. ब्युडेसोनाइड या श्वासनळीची सूज कमी करणाऱ्या औषधाच्या काही कुप्यांत थोडं एडिटेट असतं. बहुतेकांना त्याने काही होत नाही, पण ज्याला एकदा त्रास झालाय त्याने वाचलेलं बरं.

आता बाटलीवरून रेस्प्यूलवर येताना सगळ्यात मोठी गफलत कुठे होते ते सांगते. रेस्प्यूलमधलं औषध आधीच पातळ केलेलं असतं, २.५ मिलीत २.५ मिलिग्रॅम साल्ब्युटामॉल, पूर्ण कुपी कपात रिकामी करायची, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर सलाईन नको. बाटलीतलं औषध पाचपट तीव्र असतं. रेस्प्यूलची सवय झालेल्या माणसाने कधी अडचणीत बाटलीतून तेवढंच २.५ मिली ओतलं तर १२.५ मिलिग्रॅम जाईल, म्हणजे पाच डोस एकदम. लहान मुलाच्या घरात हे कागदावर लिहून मशीनच्या डब्याला चिकटवा.

सगळं खापर प्रिझर्वेटिव्हवर फोडायच्या आधी

कारण बऱ्याचदा चूक आपलीच निघते. सलाईन संपलं म्हणून कुणी डिस्टिल्ड वॉटर घालतं, किंवा फिल्टरचं पाणी. नुसत्या पाण्याच्या धुक्यानेच दम्याच्या नळ्या आवळतात, त्यात मीठ ०.९ टक्के हवं. सलाईन पण कुठलं, तर छोट्या एकवेळच्या कुप्यांतलं. बॅक्टेरिओस्टॅटिक असं लिहिलेलं नको, त्यात बेन्झिल अल्कोहोल असतं, म्हणजे परत प्रिझर्वेटिव्हच. आणि ती १०० मिलीची सलाईनची बाटली, सुई खुपसून आठवडाभर फ्रिजच्या दारात, बऱ्याच घरांत बघितलीय मी, ती बंद करा.

कप कशाने धुता तेही बघा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनी एकदा मायेने मास्क आणि कप फरशीच्या वासाच्या लिक्विडमध्ये बुडवून ठेवला होता. म्हणजे बाटलीतून बेन्झाल्कोनियम काढायचं आणि कपातून परत द्यायचं. साधा भांड्यांचा साबण, कोमट पाणी, मग मशीनच्या पुस्तिकेत लिहिलंय तसं निर्जंतुक करायचं, खळखळून धुवायचं आणि स्वच्छ कपड्यावर पूर्ण वाळवायचं, पावसाळ्यात पंख्याखाली. ओला कप डब्यात बंद केला की बुरशी.

निलगिरी तेल, बाम, ओव्याचा अर्क, यातलं काहीही मशीनमध्ये घालायचं नाही. आपण दोन्हीला वाफच म्हणतो म्हणून घोळ होतो, पातेल्यावर टॉवेल घेऊन घेतात ती वाफ वेगळी आणि ही वेगळी. मशीनमधून येतं ते औषधाचं धुकं.

बाकी थोडं भराभर सांगते. कफ पातळ करायला अॅसिटिलसिस्टीनची वाफ देतात, त्या औषधानेच दम्यात नळ्या आवळू शकतात, प्रिझर्वेटिव्ह असो नसो. पंपाने त्रास झाला तर कधी कधी तो नवा कॅनिस्टर (पंपातली औषधाची डबी) पहिल्यांदा वापरताना होतो, म्हणून नवा पंप पुस्तिकेत सांगितलेत तितके फवारे हवेत मारून मगच घ्या. पावडरच्या कॅप्सूलवाल्या इन्हेलरमध्ये बहुधा लॅक्टोज असतं, दुधाची खरीखुरी तीव्र अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना सांगा, दूध पचत नाही ती गोष्ट वेगळी. आणि घरातल्या आजोबांना काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब सुरू झाले आणि त्यानंतर दमा उसळला, तर तिथे प्रिझर्वेटिव्ह नाही, टिमोलॉलच दम्याला वाईट आहे, डोळ्यांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.

सल्फाइटचा संशय असेल तर खाण्याकडेही बघा. सुके जर्दाळू, वाईन, बाटलीबंद सरबतं, पाकिटावर आयएनएस (खाण्यात घातलेल्या रसायनांचे नंबर) २२० ते २२८ यातला आकडा दिसला की तो सल्फाइट. वाफेने त्रास आणि जर्दाळू खाऊनही घुसमट, असं दोन्ही असेल तर ती माहिती डॉक्टरांच्या कामाची आहे.

नोंद आणि तक्रार

बाटली फेकू नका. लेबलचा फोटो, बॅच नंबर, एक्सपायरी, कधी उघडली, किती वाजता वाफ दिली, किती मिनिटांनी काय झालं, कशाने बरं वाटलं, हे सगळं एका वहीत. मग औषधाचा दुष्परिणाम म्हणून कळवता येतं. आपल्याकडे फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया आहे, २०१० मध्ये सुरू झाला, काम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतं, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. पेशंटसाठी वेगळा सोपा फॉर्म आहे, डॉक्टरच भरतील असं काही नाही. मोठ्या मेडिकल कॉलेजांत यासाठी केंद्रं आहेत, मुंबईच्या केईएममध्येही आहे. कळवलं म्हणून कुणी कंपनीवर धाड टाकत नाही, पण तुमची नोंद कुठेतरी जमा होते.

आईच्या फाइलच्या पहिल्या पानावर आता लाल पेनाने लिहिलंय, बेन्झाल्कोनियमचा संशय, फक्त रेस्प्यूल द्या. गणपतीला कोकणात जाताना पंधरा दिवसांच्या कुप्या बरोबर असतात, कारण गावच्या मेडिकलमध्ये मिळाली तर ड्रॉपरची बाटलीच मिळते. कुप्या त्यांच्या फॉइलच्या पाकिटातच ठेवायच्या, उजेड लागू द्यायचा नाही, पाकीट फोडलं की त्यावर तारीख टाकायची, आणि उघडलेली कुपी अर्धी उरली तरी ती फेकायची. आईला हे शेवटचं अजून पटत नाही, उरलेलं झाकून ठेवते बशीखाली.